चाळीस फाटकं

आमच्या धाकटीच्या तोंडाला कायमचं कुलूप. धाकटी म्हणजे माझी जाऊ. एका वर्षाच्या अंतराने आम्ही दोघी त्या घरात आलो, एकाच ओट्याशी उभ्या राहिलो, आणि चौतीस वर्षांत ती जेवढं बोलली असेल तेवढं मी एका दुपारी बोलते. हे कौतुकाने सांगत नाही. त्या आठवड्यात ती चार वाक्यं जास्त बोलली असती आणि मी चाळीस कमी, तर जे झालं ते टळलं असतं.

आमच्या पठारावरचं शेवटचं किराणा दुकान आमचंच. दगडाची खाण चालू होती तोवर तीन दुकानं होती आणि तिन्हींत गर्दी असायची. खाण बंद पडली, हातपाय धड असलेली माणसं उतरून गेली, त्यांच्या मागोमाग शाळा गेली, मग बस. खाली अडतीस किलोमीटरवर हमरस्त्याला मोठा बाजार उभा राहिला. ज्यांच्या दारात गाडी होती ते तिथून महिन्याचं सामान आणू लागले. उरलेल्या म्हाताऱ्यांच्या पावशेर साखरेसाठी घाट चढून यायला माल पोचवणारा तयार होईना. माझे दीर गेले त्या वर्षी धाकटीने शटर ओढलं ते ओढलंच.

त्यानंतरचे आठ महिने मला आठवले तरी राग येतो. चहूकडे शेतं, आणि माणसं पिठाच्या डब्याचा तळ खरवडताहेत. आमच्याकडे पिकतं ते सगळं ट्रकात बसून खाली जातं. दूधसुद्धा. दोन्ही वेळा दुधाचा टेम्पो येतो, गोठे रिकामे करून जातो, आणि आम्ही चहात पावडर ढवळतो. कोणाला सांगितलं तर हसतील, पण हे असंच आहे.

मग खालच्या पुरवठा संघाने फिरतं दुकान काढलं. जुनी रुग्णवाहिका घेतली, आतले बाक काढून फळ्या मारल्या, आणि पठाराचे रस्ते ठाऊक असलेला ड्रायव्हर शोधू लागले. धाकटी तेव्हा एक्कावन्न वर्षांची. घरात कोणाला न सांगता तिने मोठ्या गाडीचा परवाना काढला. मला कळलं ते गुरुवारी दुपारी फाटकाशी हॉर्न वाजला तेव्हा. बघते तर स्टिअरिंगमागे आमची धाकटी, पाठीला उशी लावून बसलेली. मी म्हटलं, अगं, सांगायचंस तरी. ती म्हणाली, काय हवंय ते सांगा, मागे बरीच घरं आहेत.

आता पिशव्यांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. आमच्या वस्त्यांवर निम्म्यांना नीट दिसत नाही, काहींना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचा हात थरथरतो. याद्या कोण लिहिणार? म्हणून धाकटीने पद्धत पाडली की जे संपलं त्याचं रिकामं पाकीट पिशवीत टाकायचं आणि पिशवी फाटकाला टांगायची. मिठाचं पाकीट म्हणजे मीठ. तेलाचं बूच म्हणजे तेल. अंड्यांसाठी पुठ्ठ्याच्या ट्रेचा तुकडा. कांद्याला कांद्याचं साल. बटाट्याला ना पाकीट ना बूच, म्हणून खडे. एक खडा म्हणजे अर्धा किलो. पिशवी दिसली की गाडी थांबते, नाही दिसली तर पुढे जाते. पिशव्या मी शिवल्या, त्रेचाळीस घरांच्या त्रेचाळीस. ज्या घरची पिशवी त्याच घरचं जुनं कापड, त्यामुळे अंधारात चाचपली तरी मी सांगेन कोणाची.

आणि त्या पाकिटांवरून धाकटी घरं वाचायची. अमकीने दोन आठवडे साबण मागितला नाही, म्हणजे तिची आंघोळ होत नाहीये, गुडघा धरलाय. तमक्याकडे साखर एकदम दुप्पट, म्हणजे लेक आलीय. हे ती कोणाला बोलून दाखवायची नाही. पुढच्या गुरुवारी पिशवीत मलमाची ट्यूब जास्त असायची, एवढंच.

तर त्या महिन्यात धाकटी सहज बोलल्यासारखं बोलली की पुढच्या गुरुवारी एक साहेब गाडीत बसून येणार आहेत, तपासणी आहे. कसली, ते मी विचारलं. ती म्हणाली, फेरीची. बास.

खरं होतं ते असं: संघाला पठाराची फेरी जड जात होती. सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात चाळीस फाटकांवर गाडी थांबून पिशवी माणसाच्या हातात गेली तर फेरी चालू राहणार, नाहीतर पुढच्या महिन्यापासून बंद. एरवी बेचाळीस-त्रेचाळीस थांबे सहज व्हायचे. म्हणून तिने कोणालाही काही सांगितलं नाही. सांगून टांगलेली पिशवी मोजायची तर तपासणी कसली, असं तिचं म्हणणं. तिचा सरळपणा हा असा, समोरच्याला घेऊन बुडणारा.

आणि माझा शहाणपणा त्याहून वरचढ. मागच्या महिन्यात गाडी संघात उशिरा पोचते म्हणून तिला बोल बसला होता, ते माझ्या कानावर होतं. मी दोन आणि दोन जोडले आणि सात केले. म्हटलं, साहेब येतोय तो घड्याळ घेऊन. फाटकाफाटकाशी थांबून हिचा वेळ जातो, तेच तो मोजणार. हिला वाचवायचं तर गाडी कमीत कमी वेळा थांबायला हवी. मंगळवारी सगळ्या घरांना फोन केले, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना टेम्पोवाल्याकडून निरोप. आपापली पिशवी बुधवारी संध्याकाळी दुधाच्या टेम्पोत द्या, टेम्पोवाला माझ्याकडे आणेल, गाडी एकदाच माझ्या फाटकाशी थांबेल, सामान शुक्रवारी सकाळी टेम्पोनेच घरपोच. लोकांना धाकटीचं कौतुक इतकं की कोणी का म्हणून विचारलं नाही. सदतीस पिशव्या आल्या. पाच जणांनी ऐकलं नाही. त्यातल्या तिघांशी माझं बोलणंच नाही. त्या रात्री पिशव्यांचं मोठं गाठोडं बांधताना मी स्वतःवर अशी खूश होते की काय सांगू.

गुरुवारी सकाळी काय झालं ते धाकटीने मला नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं, महिनाभर. साहेब पन्नाशीचे, नवे बूट, मांडीवर फळी आणि फळीला लावलेला कागद. पहिल्या वस्तीवर शिरताच पहिलं फाटक मोकळं. तिला वाटलं, विसरले असतील. दुसरं मोकळं. तिसऱ्याच्या ओसरीत बाई उभी, हात हलवून हसतेय, आणि फाटकावर काही नाही. धाकटीने वेग कमी केला तर बाईने हातानेच जा जा केलं. रस्त्यावरून सतरा घरं गेली, दोन पिशव्या. साहेबांनी विचारलं, आज काही विशेष आहे का? तिने पुढच्या फाटकाकडे बघितलं. तिला वाटलं लोक तिच्यावर रागावलेत. वीस वर्षं दुकान आणि सहा वर्षं गाडी, आणि एकाही माणसाने तोंडावर सांगू नये की आम्हाला तू नको. असं तिला वाटत होतं आणि मी घरी चहा ठेवत होते.

साडेअकराला गाडी माझ्या फाटकाशी आली. एरवी साडेबाराशिवाय येत नाही. मी मनात म्हटलं, वा, काय वेळ वाचवलाय. गाठोडं ओढत फाटकाशी आणलं आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की बघा, आमच्या गाडीला थांबायलासुद्धा लागत नाही.

धाकटी खाली उतरली. गाठोड्याकडे बघितलं. वरच्यावर पडलेली निळ्या चौकड्याची पिशवी उचलली, आत हात घालून मिठाचं पाकीट काढलं, परत ठेवलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"ताई," ती म्हणाली, "सहा झाले. चाळीस लागतात. नाहीतर फेरी बंद."

साहेबांना मी कसंबसं सांगितलं की ही सगळी घरं आहेत, ही बघा त्यांची पाकिटं, माझी चूक आहे, हिची नाही. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तेच अवघड होतं. ते म्हणाले, इथे एक गाडी एका फाटकाशी थांबली, मी एकच लिहू शकतो. मग घड्याळ बघून म्हणाले की कागदावर वेळ एकपर्यंतची आहे, मागे फिरायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही.

पुढचं वाक्य त्यांनी पुरं करेपर्यंत धाकटीने गाडी वळवायला घेतली होती. मी गाठोड्यासकट मागे चढले. स्लीपर एक आत आली, एक फाटकाशीच राहिली. गॅसवर चहा तसाच होता. शेजारणीला ओरडून बंद करायला सांगितला.

अकरा चाळीस. चौतीस फाटकं. मी गाडीच्या फरशीवर फतकल मारून बसले, एक हात फळीला, एक पिशवीत. पाकिटं बघायची, सामान काढायचं, भरायचं, तोवर घर येतंय. धाकटी हॉर्नवर हात दाबून धरायची. पण माणसं फाटकाशी असतील तर ना! मीच त्यांना आज निवांत राहा म्हणून सांगितलेलं. कोणी गोठ्यात, कोणी पडलेलं, एक बाई डोक्याला साबण लावून आली तशीच. मी खिडकीतून ओरडायचे की प्रश्न नको, हात पुढे कर. पिशवी हातात गेली की साहेबांची पेन्सिल एक रेघ ओढायची. रेघेचा आवाज मला मागे ऐकू यायचा.

बारा दहाला एकोणीस झाले. घसरणीच्या वळणावर फळीवरचा अंड्यांचा ट्रे सुटला. साहेबांनी मांडीवरची फळी सोडली आणि ट्रे धरला. त्यानंतर तो ट्रे त्यांच्या मांडीवरच राहिला आणि कागद ट्रेवर. मधल्या वस्तीवर दोन घरांना कुलूप. आज पिशवीची वाट बघायची नाही म्हणून दोघं टेम्पोतूनच खाली दवाखान्यात गेलेले. आणखी एका घरी म्हातारी शेतावर गेलेली. तिच्या नावाने हाका मारून माझा घसा बसला. तीन गेले. म्हणजे आता उरलेलं एकही घर चुकवून चालणार नव्हतं. धाकटीलाही तो आकडा कळला होता, कारण ती ओठ चावत होती.

साहेबांनी मध्येच विचारलं की इथे कुठे काही खायला मिळेल का, सकाळपासून काही पोटात नाही, वाटलं होतं वाटेत एखादं दुकान लागेल. धाकटी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "दुकान हेच." मी एक बिस्किटाचा पुडा पुढे केला. त्यांनी तपासणीच्या दिवशी चालत नाही म्हणून परत दिला.

बारा एकावन्नला एकोणचाळिसावी रेघ पडली. राहिले लाइनमन आजोबा.

लाइनमन आजोबांचं घर खाणीच्या जुन्या रस्त्यावर, एकटंच. पठारावरच्या प्रत्येक विजेच्या खांबावर हा माणूस चढलेला आहे. आता दोन्ही पाय गेल्यात जमा. वॉकर धरून चालतात म्हणजे वॉकर आधी जातो आणि ते विचार करून मागून. बारा चोपन्नला गाडी फाटकाशी लागली. हॉर्न दिला. आतून आवाज आला, आलो. दार उघडलं, वॉकरचे दोन पाय बाहेर आले.

दारापासून फाटक असेल तीस पावलं. मी पिशवी भरून तयार ठेवली होती, खाकी पॅन्टच्या कापडाची. एक पाकीट पावाचं, एक तांदळाचं, दोन खडे, तेलाचं बूच. पहिली दोन पावलं टाकायला त्यांनी एक मिनिट घेतलं.

"जा की आत," मी धाकटीला म्हटलं. "हातात दे आणि ये."

"नाही. ते येतात."

"अगं, वेळ बघ."

तिने माझ्याकडे बघितलं. इतकं रोखून तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा मुलगा दर महिन्याला फोन करून मला विचारतो, बाबा फाटकापर्यंत येतात का? ज्या दिवशी मी नाही म्हणेन त्या दिवशी तो त्यांना घेऊन जाईल आणि कुठल्या तरी आश्रमात ठेवेल. त्यांनी मला हात जोडलेत ताई. मी आत पाऊल टाकणार नाही."

मी म्हटलं एकदाच, कोणाला कळणार आहे. ती म्हणाली, "त्यांना."

मग मी स्वतः उतरायला लागले. तिने फाटकाची कडी धरली आणि हलली नाही. माझ्यापेक्षा ती हातभर बुटकी. चाळीस घरांचं पीठमीठ एका बाजूला आणि एका म्हाताऱ्याची तीस पावलं एका बाजूला, आणि ही बाई तिथे खांबासारखी उभी. मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. खोटं कशाला बोलू.

आजोबा पंधराव्या पावलाशी थांबले, दम खाल्ला. साहेब गाडीतून उतरून आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. वॉकरचे पाय खडीवर घासत होते. बाविसाव्या पावलाशी साहेबांच्या मनगटावरच्या घड्याळाने बारीक पीप केलं. एक वाजला.

आजोबा फाटकाशी पोचले तेव्हा एक वाजून चार मिनिटं झाली होती. धाकटीने नेहमीसारखी पिशवी त्यांच्या हातात दिली, नेहमीसारखं म्हणाली, गुरुवार. तेही म्हणाले, गुरुवार. एरवी ते पिशवी वॉकरला अडकवून मागे वळतात. त्या दिवशी वळले नाहीत. एक हात वॉकरवर ठेवून दुसरा पिशवीत घातला, पावाचं पाकीट काढलं, दातांनी फाडलं आणि तिथेच उभ्याउभ्या खायला लागले. घाईघाईने नाही. एक तुकडा, मग दुसरा, मान खाली घालून. बोटांना लागलेले कण ओठांनी टिपत.

धाकटी गाडीकडे वळली आणि उगाच फळीवरचे डबे सरळ करू लागली.

मी विचारलं, कधीपासून घरात काही नाही? ते म्हणाले, "मंगळवारी संपलं. टेम्पोवाला म्हणाला या वेळी शुक्रवारी मिळेल, तुमचा निरोप आहे म्हणून. म्हटलं, शुक्रवार तर शुक्रवार."

माझा निरोप. त्या निरोपाने मी त्यांना आणखी एक दिवस उपाशी ठेवणार होते आणि वर स्वतःची पाठ थोपटणार होते. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. मी बाजूला जाऊन तोंड पुसलं.

साहेबांनी कागदावर एकोणचाळीस लिहिले. मी बघितलं. खोटी रेघ त्यांनी ओढली नाही, आणि धाकटीने मागितलीही नाही. खाली शेऱ्याची जागा होती, तिथे मात्र ते बराच वेळ लिहीत होते, तळहाताने झाकून. संघात उतरताना त्यांनी तोच बिस्किटाचा पुडा पैसे देऊन घेतला, असं धाकटी म्हणाली.

वीस दिवसांनी पत्र आलं. फेरी बंद नाही. पण दर गुरुवारी नाही. एक गुरुवार सोडून एक. पत्र वाचून मी संघाला आणि साहेबांना मनसोक्त शिव्या दिल्या, आणि उरलेल्या स्वतःला. धाकटीने पत्र घडी करून गाडीच्या काचेवर अडकवलं आणि विचारलं, मोठ्या पिशव्या शिवायला किती दिवस लागतील?

शिवल्या. पंधरा दिवसांचं मावेल अशा त्रेचाळीस. पण पाव काही पंधरा दिवस टिकत नाही, अंडी टिकत नाहीत, आणि लाइनमन आजोबांच्या हाताने चूल धड होत नाही. म्हणून गाडी नसते त्या गुरुवारी मी दुधाच्या टेम्पोत पुढे बसते आणि खाणीच्या रस्त्यावर उतरते. हातात डबा असतो, दोन माणसांचा. फाटकाशी उभी राहून हाक मारते. आतून आवाज येतो, आलो. मला भात शिजेपर्यंत धीर नसतो, हे घरचे सगळे सांगतील. पण मी कडीला हात लावत नाही, लवकर या म्हणत नाही, घड्याळ बघत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, त्याला मी डोळ्यांनीच गप्प करते. तीस पावलं आहेत. परवा एकतीस मोजली.